अणूंची बैठकव्यवस्था

सन २००४ मध्ये माले येथील माध्यमिक विद्यालयात संगणक कक्षाचे उद्घाटन ठरले. त्यानिमित्त नववीतल्या अपेक्षाने पाण्याच्या रेणूची हलती चित्रफीत तयार केली. प्रमुख पाहुण्यांना ती पसंत पडली, तर पुण्याच्या जिल्हा प्रदर्शनात जाणार होती. त्यापायी पोरीने मधली सुट्टीदेखील सोडली होती.

पहिल्या प्रयत्नात रेणू डुलत डुलत पडद्याबाहेरच निघून गेला. विज्ञानाचे विश्राम सर हसले.

"अगं, सगळेच धावले तर कोण किती धावलं ते कळायचं कसं? मधल्या ऑक्सिजनला धरून ठेव. मग बाजूचे दोन हायड्रोजन कसे ताणतात, कसे वाकतात, ते बघ."

तिने तसे केले. लाल अणू जागच्या जागी राहिला आणि दोन पांढरे त्याच्या अंगाखांद्यावर खेळू लागले. जन्मभर फळ्यावर जे जमले नाही, ते पडद्यावर पाहून सरांचा चष्मा ओला झाला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी विस्तार अधिकारी दिग्विजय साहेब रंगीत तालमीला आले. पडद्यापुढे तीन खुर्च्या होत्या. मधली प्रमुख पाहुण्यांची, म्हणजे आमदारांची, अजून रिकामी. एका बाजूला सरपंच बहिरूशेठ, दुसऱ्या बाजूला संस्थेच्या अध्यक्षा गोजराबाई. लाल अणू बरोबर मधल्या खुर्चीच्या डोक्यावर आला आणि दोन्ही पांढरे बाजूच्यांच्या.

बहिरूशेठ मान वळवून बघत राहिले. "सर, ह्यो माझ्या डोक्यावरला आसा का झुलतोय? मी काय पिऊन आलोय व्हय?"

"शेठ, तो हायड्रोजन आहे."

"आसंल. पर लोक मला वळखत्यात, त्येला न्हाई."

बाब गंभीर होती. साहेबांनी दोन्ही पांढरे अणू स्थिर ठेवण्याचे तोंडी आदेश दिले. अपेक्षाने ते धरले, तसा साहजिकच मधला लाल हलू लागला. साहेब पडद्याकडे धावले.

"सर, पाहुणे डळमळताहेत! निवडणूक तोंडावर आलीय!"

मग तडजोड निघाली. लाल स्थिर, एक पांढरा स्थिर, एकच मोकळा. तो गोजराबाईंच्या वाट्याला आला.

"बहिरूचा गप, आन् माझाच कसा फुदाकतोय? बाईमानूस बगून नाचिवताय व्हय सर?"

विश्राम सर शांतपणे म्हणाले, "साहेब, खुर्च्या जरा बाजूला घेऊ या का?"

साहेबांनी त्यांच्याकडे दयेने पाहिले. "सर, अणू काय, निसर्गाचे. खुर्च्यांचा क्रम वरून ठरून येतो."

सबब उरलेला अणूही स्थिर करण्यात आला.

"सर, असं पाणी नसतं," अपेक्षा हळूच म्हणाली. "बर्फसुद्धा असा नसतो. बर्फातले अणूपण जागेवर थरथरतात."

"खरंय बाळ. पण बर्फाच्या पुढे खुर्च्या मांडलेल्या नसतात."

शंकेला जागा नको म्हणून साहेबांनी पडद्याच्या तळाशी एक ओळ घालून घेतली: 'अणू हलत आहेत, असे समजावे.'

उद्घाटनाला मंडप भरून गेला. खुर्च्या कमी पडल्या आणि उशिरा आलेले मागे उभे राहिले. प्रमुख पाहुण्यांनी ढिम्म चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि ते म्हणाले, "वा! काय वेग आहे!"

टाळ्या थांबल्यावर अपेक्षाने माइक घेतला. "ज्यांना अणू हलताना दिसत नसतील, त्यांनी कृपया उभं राहावं."

दिग्विजय साहेब झटकन पुढे आले आणि हसून म्हणाले, "एक जण जरी उठला, तरी निवड रद्द समजायची हं!"

अपेक्षा विश्राम सरांकडे बघत होती. सरांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. उठले, तर पोरीचे पुणे जात होते. नाही उठले, तर पोरगी पुण्यात हे असले पाणी दाखवणार होती. सर अर्धवट उठले आणि धोतराचा सोगा सावरून परत बसले. अपेक्षाने नजर काढून घेतली.

कोणीही उभे राहिले नाही. जे आधीच उभे होते, ते जागेअभावी उभे आहेत, अशी नोंद झाली. चित्रफीत एकमताने निवडली गेली. अट एकच, यापुढे तीत कोणताही अणू हलवू नये.

तुम्ही तिथे असतात तर नक्कीच उठला असतात, यात शंका नाही. फक्त मागे उभा असलेला एक जण मघापासून तुमच्याच खुर्चीवर डोळा ठेवून होता.