अण्णांना कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलंय

प्रत्येक घरात असा एक माणूस असतो, ज्याला विचारल्याशिवाय घरात साधी टाचणीसुद्धा येत नाही. आमच्या घरात तो माणूस मी! हे मीच ठरवलंय, पण त्याने काही बिघडत नाही. वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमधले निम्मे पंखे आणि सगळ्या घरघंट्या माझ्या सल्ल्याने घेतलेल्या आहेत. त्यामुळे माझा मेव्हणा विनीत फोनवर म्हणाला, "भाऊजी, एक हॉट टब निवडून द्याल का?", तेव्हा मी "हॉट टब म्हणजे काय?" असं अजिबात विचारलं नाही. म्हटलं, "कुठला पाहिजे ते सांग फक्त!"

फोन ठेवल्यावर मुलाकडून समजून घेतलं. गरम पाण्याची मोठी टाकी, त्यात चार-पाच माणसांनी बसायचं आणि खालून बुडबुडे येणार. थोडक्यात, माणसांची भजी.

विनीतने बँकेतली नोकरी सोडून हिमाचलमधल्या एका लहानशा गावात गेस्ट हाउस चालवायला घेतलेलं. थंडीत तिथे नळातून पाण्याऐवजी बर्फाची कांडी येते म्हणे. पाहुण्यांसाठी अंगणात टब हवा होता. निदान तो तसं सांगत होता. खरी गोष्ट प्राचीने, म्हणजे माझ्या बायकोने, भाजी निवडता निवडता सांगितली.

"पाहुणे वगैरे काही नाही रे. त्याला अण्णांना तिकडे न्यायचंय."

अण्णा, म्हणजे माझे सासरे चांगदेवराव, शहाडला एकटे राहतात. सासूबाई गेल्यापासून त्यांचं आणि विनीतचं बोलणं "जेवलास का?" आणि "हो" एवढ्यावर आलेलं. मुलाने खुर्चीतली नोकरी सोडून लोकांच्या गाद्या झटकाव्यात, हे त्यांना पटलेलं नव्हतं. विनीत दर महिन्याला "या ना इकडे" म्हणायचा आणि अण्णा दर महिन्याला "थंडीत माझे गुडघे धरतात" म्हणून फोन ठेवायचे.

"टब आला की गुडघ्यांचं कारण संपेल," प्राची म्हणाली. "मग बघू नवीन काय काढतात ते. रतन, नीट बघून घे हां. चेष्टा नाही ही."

मी तिला म्हटलं, "तू निर्धास्त राहा!" हे वाक्य मी उच्चारलं की आमच्या घरात लोक पाकीट, चाव्या आणि औषधं जवळ घेऊन बसतात.

डोंबिवलीच्या मानपाडा रोडला टबांचं एक शोरूम आहे. तिथली ऐश्वर्या नावाची मुलगी फार गोड बोलायची. तिने मला हवा भरायचा टब दाखवला, लाकडी दाखवला आणि शेवटी फायबरचा, जाड झाकणाचा दाखवला.

"सर, हा थंड हवेसाठीच आहे. पूर्ण टेस्टेड."

"टेस्ट कुठे केलाय?"

"घोडबंदर रोडला सर, एका टेरेसवर. जानेवारीत."

आता मला सांगा, घोडबंदर रोडचा जानेवारी म्हणजे काय, तर पंखा चारवरून तीनवर! अशा हवेत आमच्या पिंपातलं पाणीसुद्धा कोमट राहतं. मी तिला शांतपणे म्हणालो, "मॅडम, मला शून्याच्या खाली टेस्ट करून पाहिजे."

"सर, डोंबिवलीत शून्याच्या खाली कुठे आणू?"

आणि तिथेच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. युजीन!

युजीन माझा कॉलेजचा दोस्त. घरचे मूळ उत्तनचे, मच्छीवाले. भाऊ समुद्रावर आणि हा मानपाड्याला, माशांचं कोल्ड स्टोरेज सांभाळत. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं.

"रतन, माझ्या धंद्यात मासे थंड करतात रे. माणसं गरम करत नाहीत."

"एका सकाळचा प्रश्न आहे!"

"मागची खोली उद्या रिकामी आहे. पण घरी मॅग्डलीनला सांगू नको. ती मला आधीच अर्धा वेडा समजते, उरलेला अर्धा तुझ्यामुळे होईल."

शोरूमवाल्यांनी डेमोचा टब टेम्पोतून पाठवायचं कबूल केलं. राहिला तो बसणारा माणूस. मी स्वतः बसलो असतो, पण गुडघे अण्णांचे होते. शिवाय अण्णांनी उभी हयात कारखान्याच्या तपासणी खात्यात काढलेली. माल नापास करणं हा त्यांचा धर्म. मलासुद्धा त्यांनी बघण्याच्या कार्यक्रमात नापास केलेलं, पण प्राचीने अपील केलं म्हणून मी पुढच्या फेरीत गेलो. मी शहाडला जाऊन त्यांना म्हटलं, "अण्णा, एका वस्तूची तपासणी करायची आहे. ठाण्या-कल्याणात ती करू शकेल असा दुसरा माणूस मला दिसत नाही."

अण्णांनी चष्मा पुसला. "चला. दोष काढतो."

प्राचीला मी काहीच सांगितलं नाही. तिला वाटत होतं, आम्ही शोरूममध्ये जाऊन टबाला हात लावून येणार. सरप्राइज द्यावं म्हटलं!

सकाळी युजीनच्या मागच्या खोलीत टब बसला. बाहेरून गरम पाणी आणून भरलं, हीटर लावला. खोलीत अशी थंडी होती की बोललेलं वाक्य वाफ होऊन समोर लटकायचं. अण्णा अर्धी चड्डी आणि कानटोपी अशा वेषात आले, टबाभोवती एक फेरी मारली, बोटाने ठोकून बघितलं, पायरी नापास केली आणि पाण्यात उतरले.

गळ्यापर्यंत बुडाल्यावर त्यांच्या तोंडून "हां..." असा एक आवाज निघाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून असा आवाज मी कधीच ऐकलेला नव्हता. खालून बुडबुडे सुरू झाले. कानटोपीवर बर्फाची बारीक साखर जमायला लागली आणि खाली अण्णांचा चेहरा मोदकासारखा फुलत गेला.

"गुडघे कसे आहेत?" मी दात वाजवत विचारलं. मी बाहेर उभा होतो ना!

"कुठले गुडघे?" अण्णा म्हणाले.

मला इतका आनंद झाला की प्राचीला कळवल्याशिवाय राहवेना. बोटं आखडलेली, त्यामुळे लांबलचक लिहिणं शक्य नव्हतं. मोजकं, नेमकं लिहिलं: "अण्णांना कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलंय. अगदी शांत आहेत. चेहऱ्यावर समाधान आहे. विनीतला कळव."

मेसेज गेला आणि थंडीने माझ्या मोबाइलची बॅटरी बसली. पडदा काळा!

मला त्याचं काही वाटलं नाही. कारण पाठोपाठ युजीनची वीजच गेली. त्याचा कॉम्प्रेसर आणि आमचा हीटर यांचं एकमेकांशी पटलं नव्हतं. खोलीत मिट्ट काळोख. "अण्णा, बाहेर या!" मी ओरडलो.

"बाहेर थंडी आहे," अंधारातून शांत आवाज आला.

"अहो, लाइट गेलीय!"

"मला कुठे वाचायचंय?"

युजीन टॉर्च घेऊन फ्यूजशी झटापट करत होता. आम्ही अण्णांना आत ठेवून टबावर अर्धं झाकण ओढलं. वीज यायला बराच वेळ लागला, तरी पाणी होतं तसं गरम! अण्णांनी झाकणाच्या कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "पास."

पुढचा सगळा दोष मॅग्डलीनच्या हातच्या माशाला द्यायला पाहिजे. नवऱ्याचा फोन लागेना म्हणून ती बघायला आली, अण्णांना टॉवेलात बघितलं, युजीनकडे एक नजर टाकली (त्या नजरेवर मी काही बोलणार नाही) आणि "बाबा, तुम्ही आधी गरम गरम जेवा" म्हणून आम्हाला शेजारीच असलेल्या घरी घेऊन गेली. सुरमईची कढी आणि भात. अण्णा दोनदा भात घेऊन तिथेच दिवाणावर आडवे झाले, ते असे झोपले की मॅग्डलीनने दोनदा त्यांच्या नाकाशी बोट धरून बघितलं.

"झोपू दे," मी म्हटलं. "घाई कसली आहे?"

संध्याकाळी आम्ही युजीनच्या गाडीने शहाडला निघालो. अण्णा रस्ताभर चक्क गुणगुणत होते. बिल्डिंगच्या वळणावर आलो तर खाली माणसं! प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, पांढरे शर्ट, कोपऱ्यात बांबू टेकवलेले. पहिल्या मजल्यावरून हौसाबाईंचा टाहो ऐकू येत होता. या हौसाबाई म्हणजे अण्णांच्या समोरच्या शेजारीण. त्यांचा आवाज एरवी टिटवाळ्यापर्यंत जातो.

"कोणीतरी गेलेलं दिसतंय," अण्णा हळहळले. "थांबा, बसून जाऊ दोन मिनिटं. बरं दिसत नाही."

ते जाऊन मधल्या रांगेतल्या खुर्चीत बसले. कानटोपी अजून डोक्यावरच होती. शेजारी बिल्डिंगमधले प्रेमकाका मान खाली घालून बसलेले. अण्णांनी हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"चांगदेवराव," काका मान वर न करता म्हणाले. "देवमाणूस होता."

"देवमाणूस?" अण्णा ताठ बसले. "गेल्या आठवड्यात पार्किंगवरून मला खडूस म्हणालात ते?"

काकांनी मान वर केली. त्यानंतर जे झालं ते फार पटकन झालं. काका खुर्चीसकट मागे गेले, त्यांच्या मागची खुर्ची त्यांच्यासकट गेली, कोणीतरी "भूत!" म्हणून ओरडलं, आणि हौसाबाई टाहो अर्धवट सोडून गॅलरीत आल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अगो बाई, अण्णा, चहा घेणार का?"

गर्दीतून प्राची धावत आली. डोळे सुजून लाल झालेले. तिने अण्णांना मिठी मारली, मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, मलाही मिठी मारणार.

"कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलंय? चेहऱ्यावर समाधान आहे?" ती ओरडली. "कल्याणमधलं एकेक हॉस्पिटल पालथं घातलं मी! प्रत्येक ठिकाणी विचारतेय, माझे वडील तुमच्याकडे ठेवलेत का! आणि फोन बंद!"

"अगं, त्यात चुकीचं काय लिहिलंय? शब्दन् शब्द खरा आहे!"

लग्नात काही वाक्यं बोलायची नसतात. हे त्यातलं एक.

तेवढ्यात गेटाशी रिक्षा थांबली. विनीत! टबाबरोबरच्या इतर खरेदीसाठी तो दिल्लीला आलेला, तिथून मिळेल त्या विमानाने निघालेला. शहाडच्या उकाड्यात अंगावर जाड स्वेटर, एका पायात बूट, दुसऱ्या पायात हॉटेलची स्लीपर. त्याला रिक्षावाल्याला पैसे द्यायचंही भान नव्हतं. चार पावलं आला आणि समोर खुर्चीत बसलेले अण्णा बघून तिथेच खाली बसला. रस्त्यात, मांडी घालून. आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

अण्णा उठले. आज त्यांचे गुडघे कुरकुरले नाहीत हे फक्त माझ्याच लक्षात आलं असेल. ते मुलाजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग म्हणाले, "स्वेटर काढ आधी. घामोळं येईल."

विनीत आणखी रडला.

"जेवलास का?"

"नाही," विनीत म्हणाला.

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्या प्रश्नाला वेगळं उत्तर आलं. अण्णा त्याला हाताला धरून वर घेऊन गेले. जिन्यात त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "गाद्या कापसाच्या घेतल्यास की फोमच्या? फोम? नापास. मी येतो, बघतो सगळं."

खाली प्राची माझ्याशी बोलत नव्हती, पण मॅग्डलीनने डब्यात दिलेली कढी तिने माझ्या हातातून घेतली. समेटाची सुरुवात अशीच होते.

हारवाल्याने हार परत घ्यायला नकार दिला. अण्णांनी शेवंती चुरडून वास घेतला आणि "शिळी आहे" म्हणून त्याला पंधरा मिनिटं झापलं. शेवटी तो हार हौसाबाईंनी युजीनच्या गाडीला घातला.

टब मी निवडला तोच गेला. फायबरचा, जाड झाकणाचा. अण्णाही गेले. मी ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, युजीनकडे, सगळीकडे सांगत सुटलो की एका टबाने बाप-लेक जोडले. त्यानंतर दोन घरघंट्यांसाठी सल्ला मागायला माणसंही आली!

परवा अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मागे बर्फाचे डोंगर. अण्णा गळ्यापर्यंत वाफाळत्या पाण्यात, आजूबाजूला तसेच बुडालेले चार-पाच पहाडी म्हातारे, सगळे हसतायत.

"काय अण्णा, टब कसा आहे?" मी शेजारी बसलेल्या प्राचीला कोपर मारत विचारलं.

"कुठला टब? हे गावातलं कुंड आहे हो, देवळाच्या मागे! जमिनीतूनच गरम पाणी येतं, आपल्या वज्रेश्वरीसारखं. घरापासून पाच मिनिटांवर. आपले चिरंजीव कधी देवळात गेले असतील तर कळेल ना!"

"आणि... आपला टब?"

"उत्तम आहे!" अण्णा म्हणाले. "पास! झाकण तर फारच घट्ट बसतं. त्यात आम्ही सफरचंदं ठेवलीत."