सुरतवाले काका

भूपेंद्रने भर दुपारी हॉटेल बंद करायला घेतलं आणि शटर निम्म्यावर अडकलं. वरही जाईना, खालीही येईना. वर्षभर त्याने जे जे हातात घेतलं ते निम्म्यावरच राहिलं होतं, तेव्हा एकट्या शटरला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने लोंबकळून पाहिलं, लाथ घालून पाहिली. शेवटी टेबलावरचा एक पांढराशुभ्र नॅपकिन घेऊन तो बाहेर पायरीवर येऊन बसला आणि तोंड पुसू लागला. मे महिना होता. जळगावात मे महिन्याच्या दुपारी पायरीवर बसणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा बुडालेला. भूपेंद्र दोन्ही होता.

नवी पेठेत त्याने ‘ऑलिव्ह’ नावाचं हॉटेल काढलं त्याला वर्ष होत आलं होतं. ऑलिव्ह म्हणजे काय हे त्यालाही पुण्यात एका मित्राच्या पिझ्झ्यावरून कळलं होतं आणि तेव्हा त्याने ते गुपचूप कागदात गुंडाळून फेकलं होतं. पेठेने पाटी वाचली आणि त्याचं ‘अळीव’ केलं. दोन बायका खरोखरच बाळंतिणीसाठी लाडू मागायला आल्या. त्या आठवड्यातली तेवढीच गर्दी. हॉटेलात शेवभाजी नव्हती, भरीत नव्हतं, ठेचा तर नावालाही नव्हता. “लोकांची टेस्ट डेव्हलप करावी लागते,” असं भूपेंद्र म्हणायचा. लोकांनी केली नाही. आपण खान्देशी माणसं. ज्या जेवणानंतर नाक पुसावं लागत नाही त्याला आपण नाश्ता म्हणतो, आणि नाश्त्याला आपण एवढ्या काचा लावलेल्या ठिकाणी जात नाही.

उद्‌घाटनाला फैजपूरकडच्या गावाहून त्याचे वडील आले होते, जीवरामनाना. जन्म केळीच्या बागेत गेलेला. त्यांनी मेनूकार्ड पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाले, “शेवभाजी आन.”

“नाना, इथं ते मिळत नाही.”

“मंग भाकर?”

“नाही.”

“ठेसा?”

“नाना, लोक पाहताहेत.”

नाना उठले. “ज्या हॉटेलात तुह्या बापाले जेवाले मिळत नाई, तिथं दुसऱ्याचा बाप कशाले येईन?” असं म्हणून ते समोरच्या गाडीवर गेले आणि काचेतून पोराला नीट दिसेल अशा बेताने उभ्या उभ्या शेवभाजी जेवले. त्यानंतर त्यांनी हॉटेलात पाऊल टाकलं नव्हतं. भूपेंद्रनेही ठरवलं होतं, आता नानांना हॉटेल चालवूनच दाखवायचं. त्यामुळे ते आज बंद पडलं, ही गोष्ट साऱ्या जगाला कळली तरी चालणार होती, फक्त नानांना कळून चालणार नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या चष्म्याच्या दुकानातला ललित बाहेर आला. त्याने अर्धं शटर पाहिलं, पायरीवरचा भूपेंद्र पाहिला, तोंडावरचा पांढरा नॅपकिन पाहिला. पेठेत भर दिवसा अर्धं शटर दिसलं की त्याचा एकच अर्थ होतो. घरात मयत.

ललित जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “कोण गेलं, भाऊ?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ‘हॉटेल बुडालं’ एवढंच. पण मेलेल्याच्या घरी लोक हात जोडून येतात आणि बुडालेल्याच्या घरी हात चोळत येतात, हे भूपेंद्रला ठाऊक होतं. त्याने ‘नूतनीकरणासाठी बंद’ अशी पाटीसुद्धा मनात लिहून पाहिली होती. पण नूतनीकरणासाठी बंद झालेलं हॉटेल पुन्हा उघडलेलं जळगावात कोणी पाहिलेलं नाही.

“काका,” तो म्हणाला.

“कोणते?”

“सुरतचे.” सुरत त्याला आपोआप सुचली. प्रत्येक खान्देशी घराचं कोणीतरी सुरतेत असतंच आणि खात्री करायला तिथवर कोणी जात नाही.

ललितने जाऊन आपलंही शटर निम्मं ओढलं. शेजारी झुलालशेठचं हार्डवेअरचं दुकान. त्याने दोन शटरं अर्धी पाहिली आणि तिसरं ओढलं. बघता बघता अख्खी गल्ली निम्म्यावर आली. आता इतक्या लोकांनी दुकानं बंद करून करायचं काय? ते सांत्वनाला आले. बाहेर ऊन मरणाचं आणि आत एसी चालू. अर्ध्या शटरखालून यायला वाकावं लागत होतं, त्यामुळे जो तो आपसूक मान खाली घालूनच आत शिरत होता. पाहणाऱ्याला वाटावं, केवढं हे दुःख.

सांत्वनाला बसायची आपल्याकडे एक रीत आहे. दहा मिनिटं गप्प बसायचं, एकदा ‘आपल्या हातात काय आहे’ म्हणायचं आणि उठायचं. पण ही रीत पंख्याखाली बसणाऱ्यांनी काढलेली आहे. एसीत कोणी उठेना. उलट निरोप देऊन देऊन माणसं बोलावली जाऊ लागली. भूपेंद्रच्या सगळ्या खुर्च्या भरल्या. वर्षभरात पहिल्यांदाच.

“आत एवढी जागा आहे, आम्हाला काय माहीत,” झुलालशेठ हळूच म्हणाला. “तुम्ही कधी सांगितलंच नाही, भाऊ.”

“वर्षभर पाटी आहे बाहेर.”

“पाटी अळिवाची ना.”

मागच्या दाराने धुळ्याकडचा मगन आला. हा भूपेंद्रचा स्वयंपाकी. सकाळी त्याला हॉटेल बंदची बातमी देऊन झाली होती आणि तो बिचारा आपली पिशवी भरत होता. पुढे येऊन पाहतो तर हॉटेल भरलेलं. त्याने पिशवी खाली टाकली, टोपी घातली आणि बगलेत मेनूकार्डं घेऊन तो भूपेंद्रच्या कानाला लागला.

“भाऊ, बठ्ठा गिऱ्हाईक एकदम उना. ऑर्डर लेऊ का?”

“गप बस. मयतीला आलेत.”

“कोनी मयत?”

“काकांची.”

मगन विचारात पडला. “मंग सूप तरी दी देऊ का?”

तोवर ललितला एक उणीव जाणवली होती. फोटो. मयताच्या घरी फोटो हवा, फोटोला हार हवा. त्याने भिंतीवर नजर फिरवली. तिथे सजावटवाल्याने लावलेला एक मोठा फोटो होता, कुठल्या तरी परदेशी आचाऱ्याचा. डोक्यावर उंच पांढरी टोपी, गोरापान, झुपकेदार पांढऱ्या मिशा, तोंडभर हसू.

“काका हॉटेल लाइनलाच होते वाटतं,” ललित म्हणाला.

भूपेंद्रने मान हलवली. ती होकारार्थी होती की शरमेची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. फुलवाला गल्लीतच होता. हार आला, उदबत्ती आली. येणारा प्रत्येक जण त्या गोऱ्या आचाऱ्याला हात जोडून खुर्ची शोधू लागला.

“किती प्रसन्न चेहरा,” कोणीतरी म्हणालं.

“सुरतचं पाणीच तसं आहे. रंग उजळतो.”

बातमी ऐकून बायको नूतन रिक्षाने धावत आली. फोटो पाहिला, हार पाहिला आणि नवऱ्याला ओढत मागे भटारखान्यात घेऊन गेली.

“कोण हा?”

“काका.”

“तुमचे वडील एकुलते एक आहेत. माझ्या लग्नात चुलत सासरा म्हणून मान घ्यायला गावातला माणूस उभा केला होता.”

“मग आता काय सांगू लोकांना?”

“माणूस मारायच्या आधी विचारायचं होतं मला. गच्चीवर उडदाचे पापड वाळत टाकलेत. सुतक पाळू की पापड उचलू?”

तेवढ्यात पुढे जेवण आलं. मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. झुलालशेठची बायको लताबाई पातेलंभर खिचडी घेऊन आली. ललितच्या घरून पिठलं आलं, गल्लीच्या टोकावरून भाकरी, ठेचा, उडदाची डाळ. ज्या टेबलांवर भूपेंद्रने वर्षभर ठेचा येऊ दिला नव्हता त्या टेबलांवर तो वाट्यांनी आला. घरच्यांनी दोन घास खायचे आणि बाकीच्यांनी आग्रह करायचा अशी पद्धत. पण बाकीचे दुपारपासून उपाशी होते. सगळे जेवायला बसले. मगन वाढत होता आणि जन्मात कधी पाहिला नव्हता एवढा आनंद तोंडावरून पुसायचा प्रयत्न करत होता.

आणि त्याच वेळी शटरखालून एक पांढरी टोपी वाकून आत आली. नाना. मागे बेबाबाई, भूपेंद्रची आई, डोक्यावर पदर घेऊन. गल्लीत गावाकडचा एक जण होता, त्याने फोन केला होता. ‘तुमचा सुरतचा भाऊ गेला,’ हे ऐकून नाना आधी गोंधळले. मग त्यांनी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली.

भूपेंद्रच्या हातातला घास हातातच राहिला. लाज वाचवायला त्याने अख्खा काका जन्माला घालून मारला होता आणि आता ज्याच्यापासून लपवायचं तोच माणूस समोर उभा होता. नाना एक शब्द बोलले की संपलं. पेठ हसणार होती, आणि नुसती हसणार नव्हती; शेजारच्या गावांना सांगून हसणार होती.

ललित उठला. “या नाना. तुमच्यावर तर डोंगरच कोसळला. पाठचा भाऊ.”

नानांनी भिंतीकडे पाहिलं. फोटोतला गोरा माणूस हारातून त्यांच्याकडे पाहून हसत होता. नानांनी पोराकडे पाहिलं. भरलेल्या टेबलांकडे पाहिलं. ठेच्याच्या वाट्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग टोपी काढली, फोटोसमोर गेले आणि हात जोडले.

“पाठचा नाई,” नाना म्हणाले. “मोठा व्हता माह्यापेक्षा. माह्यावर लई जीव.”

बेबाबाईंनी नवऱ्याचं तोंड पाहिलं, फोटो पाहिला आणि संसाराच्या अनुभवाने ओळखलं की आता रडायचं. त्यांनी असा हंबरडा फोडला की दोन माणसांनी जेवण थांबवलं.

माणसं पांगल्यावर नानांनी भूपेंद्रला गल्ल्याजवळ बोलावलं.

“कोन मेलं रे?”

भूपेंद्रने मान खाली घातली. “हॉटेल, नाना.”

“मंग बरोबर आलो मी,” नाना म्हणाले. “मले वाटलं तू खोटं बोलू राह्यला.”

“तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही म्हणाले होते तसंच झालं.”

“म्या काय म्हनलो होतो ते राहू दे. सकाळपासून काही खाल्लं नाई म्या. ते पिठलं उरलं का?”

उरलं होतं. भूपेंद्रने स्वतः भाकरी वाढली, ठेचा वाढला, आणि नाना त्या काचेच्या हॉटेलात पहिल्यांदा जेवले. ताट पुसून झाल्यावर म्हणाले, “आता तेरावं करा लागीन.”

“कोणाचं?”

“त्याचं.” नानांनी फोटोकडे बोट दाखवलं. “गल्लीनं कडू घास खाऊ घातला तुले. गोड घास घातल्याबिगर त्यायले मोकळं सोडता येत नाई. रीत हाये.”

तेराव्याचं जेवण, ज्याला आपण गंधमुक्ती म्हणतो, ते ‘ऑलिव्ह’मध्येच झालं. गावाकडून वांगी आली. मगनने वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी केली, बेबाबाईंनी शेजारी बसून तिखटाचा हात सैल करायला लावला. गल्ली जेवली, गल्लीचे पाहुणे जेवले. प्रत्येकाने नाक पुसलं. हात धुताना झुलालशेठ म्हणाला, “भूपेंद्रभाऊ, ही बट्टी पुन्हा कधी?”

“पुन्हा म्हणजे?”

“आता कोणी मरायची वाट पाहायची का आम्ही?”

पुढच्या आठवड्यात मिस्तरी आला आणि शटर दुरुस्त झालं. जुनी पाटी उतरली. नवीन पाटी ललितने सुचवली, भूपेंद्रला नाही म्हणता आलं नाही. ‘सुरतवाले काका यांची वरण-बट्टी.’ पाटीवर काकांचा फोटो, टोपीसकट. आता रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते. गिऱ्हाइकं फोटोला हात जोडून बसतात. “मी जेवलोय काकांच्या हातचं सुरतला,” असं सांगणारा रोज एक तरी भेटतो. एक जण तर म्हणाला, पूर्वी बट्टी जास्त खुसखुशीत असायची, काका गेले आणि चव गेली. भूपेंद्रने मान हलवली. गिऱ्हाइकाची टेस्ट डेव्हलप झाली होती, तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

पितरांच्या पंधरवड्यात सगळे गावी गेले. नानांनी पत्र्यावर ठेवायला घास काढले. आजोबांचा, पणजोबांचा. मग आणखी एक. बट्टीचा.

“नाना, हा कोणाचा?” भूपेंद्रने विचारलं.

“भावाचा.”

पणजोबांच्या घासाकडे कावळ्याने पाहिलं नाही. आजोबांनी तर तासभर ताटकळत ठेवलं. नूतनच्या सगळ्या शपथा घालून झाल्या. मग कावळा खाली उतरला, दोन्ही घास ओलांडून सरळ बट्टीकडे गेला आणि पहिल्या झेपेत उचलून उडाला.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नानांनी शांतपणे टोपी नीट केली.

“हॉटेल लाइनचा मानूस,” ते म्हणाले. “गरम व्हती तंवर खाल्ली.”