पाच पराभवांचा तपास

माझ्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्माला यायचा आहे. बावीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासतोय. स्वयंपाकघर जळालं म्हणून कुणी रडत आलं, की मी आधी बघतो, आगीच्या आदल्या दिवशी नवा मिक्सर कुठे होता. बहुतेक वेळा तो बहिणीकडे सापडतो.

त्यामुळे साडूंनी माझ्याच गड्यावर, म्हणजे टीव्हीवरच्या माझ्या लाडक्या लढवय्यावर शंका घेतली, तेव्हा मला ते फार झोंबलं. साडू लिफ्ट दुरुस्त करतात. दर रविवारी आमच्या बायका, दोघी बहिणी, स्वयंपाकघरात कुजबुजत बसतात आणि आम्ही टीव्हीवर मिक्स्ड मार्शल आर्ट्स बघतो. जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं. आमचा वाद एकच, आजवरचा सर्वश्रेष्ठ लढवय्या कोण!

"वीस लढती, एकही हार नाही," मी म्हणालो. "विषय संपला."

"तगड्यांशी लढलाच नाही, तर हरेल कसा?" साडू म्हणाले. "माझा पाचदा हरला, पण दोन वजनी गटांत विजेता ठरला. पडून उठतो तो मोठा."

"मग पडलेली लिफ्ट सगळ्यात चांगली म्हणायची का?"

हे तीन रविवार चाललं. शेवटी ठरलं की प्रत्येकाने दुसऱ्याच्या गड्याची चौकशी करायची. ज्याचा गडी कमी ठरेल, त्याने दोघी बहिणींसमोर म्हणायचं, "तुमचं बरोबर होतं." हे वाक्य आम्ही दोघांनी दहा वर्षांत उच्चारलेलं नाही. माझी तर जीभच तशी वळत नाही.

मी ऑफिसातला तपासणीचा फॉर्मच घेतला. नुकसानीचं कारण, साक्षीदार, आधीची स्थिती. पाचही पराभव तीन-तीनदा पाहिले आणि माझाच घात झाला. दोनदा तो वरच्या गटातल्या दांडग्यांशी लढला होता. एकदा जेमतेम दहा दिवस आधी बोलावणं आलं होतं. एकदा हात मोडला, तरी शेवटपर्यंत उभा होता. पाचव्यांदा सरळ हरला. पण त्यातल्या चौघांना त्याने पुढे गाठून हरवलं. दावा शंभर टक्के खरा होता! मी सही केलेला फॉर्म कपाटात स्वेटरखाली दडवला. आयुष्यात पहिल्यांदा पुरावा लपवत होतो आणि मला लाज वाटत होती.

रविवारी साडू आले, चपला काढल्या आणि दोघी बहिणींसमोर म्हणाले, "साडूभाऊ, तुमचं बरोबर होतं."

मी जिंकलो होतो. फक्त गप्प बसायचं होतं. पण मनात पाल चुकचुकली. जो दावेदार पहिल्याच भेटीत सगळं कबूल करतो, त्याच्याकडे कुठेतरी पाणी मुरत असतं.

"कसं काय बरोबर?" मी विचारलं.

"वीसही लढती पाहिल्या. पटलं."

"सातवी पाहिलीत? समोरचा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच उतरला होता, दिसलं नाही?"

"नसेल लक्षात आलं."

"तुमच्या? नुसत्या आवाजावरून लिफ्ट कुठे अडकली ते सांगता तुम्ही!"

"जाऊ द्या ना. जिंकलात तुम्ही."

"जाऊ कसं द्या? तुमचा माणूस मोडक्या हाताने लढलाय. त्याला असा वाऱ्यावर सोडता? कुणाच्या सांगण्यावरून?"

मी तरातरा जाऊन स्वेटरखालचा फॉर्म आणला आणि साक्षीदारांसकट मोठ्याने वाचून दाखवला. साडू शांतपणे चहा पीत होते.

"म्हणजे भाऊजी," मेहुणीने विचारलं, "मोठा कोण?"

अक्षर माझं होतं. खाली सहीही माझीच होती.

"तुमचं बरोबर होतं," मी साडूंना म्हणालो. बायकोने ते दोनदा म्हणायला लावलं. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणे.

पाहुणे गेल्यावर ती कपबशा विसळता विसळता म्हणाली, "तो कागद मला गुरुवारीच सापडला होता. धाकटीला फोनवर वाचून दाखवला. तीच म्हणाली, आमच्या यांना नुसतं 'तुमचं बरोबर' म्हणायला सांगते, पुढचं सगळं भाऊजी स्वतःच करतील."

बावीस वर्षं मी लोकांची स्वयंपाकघरं तपासतोय. आमचं तेवढं राहून गेलं.