थांबण्यापूर्वीचे चार शब्द

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. एका जावयाची गोष्ट सांगतो. हसू आलं तर दाबू नका, बिचाऱ्याला सवय झाली आहे!

हा जावई सी भाषेत प्रोग्राम लिहायचा. सासूबाईंच्या लाँड्रीतलं धुलाईचं मोठं मशीन त्याच्याच प्रोग्रामवर चाले. प्रोग्रामला बाहेरून 'थांब', 'मर' अशा खुणा देतात, त्यांना सिग्नल म्हणतात. प्रत्येकाला नंबर. 'थांब'चा नंबर पंधरा, म्हणून मशीन थांबवलं की त्यातून निघणाऱ्या चिठ्ठीवर नुसतं '१५' उमटायचं.

"पंधरा काय पंधरा? जावईबापू, माणसाला कळेल असं छापा की!" सासूबाई करवादल्या.

सी भाषेत त्यासाठी तयार फंक्शन आहे. दोन शब्दांत कारण छापतं आणि मोकळं होतं. पण दोन शब्दांत आटोपेल तो जावई कसला! त्यानं एकेका सिग्नलवर निरूपण लिहिलं, आणि निरूपण पुरं झाल्यावरच मशीन थांबेल अशी सोयही केली.

"आता बघाच, आई!" म्हणत त्यानं सासऱ्यांचा लोकरी कोट आत टाकला. संध्याकाळी सासऱ्यांचा निरोपसमारंभ होता, आणि घरात कोट हा एकच!

"अहो, गरम पाणी लावलंत! लोकर आहे ती, आटेल!" सासूबाईंनी थांबायचं बटण दाबलं.

चिठ्ठी सरसरत निघाली: 'सप्रेम नमस्कार. थांबण्याची आपली आज्ञा पोचली. आता आज्ञा म्हणजे काय, ते आधी पाहू...'

"पाहू काय? थांब मेल्या!" त्यांनी पुन्हा बटण दाबलं. झालं! निरूपण पहिल्यापासून: 'सप्रेम नमस्कार...'

"दाबू नका आई, त्याला संपवू द्या!"

"तोवर कोट संपेल त्याचं काय?" पुन्हा बटण. पुन्हा नमस्कार! कागद गुडघ्याला लागला, आत कोट गरगरतोच आहे. इतक्यात दाढी करून सासरे दारात. "झाला का कोट?"

जावयानं घामाघूम होऊन कॉम्प्युटरवरून नऊ नंबरचा सिग्नल सोडला. हा नंबर प्रोग्रामला अवाक्षर काढू देत नाही, जागच्या जागी संपवतो. मशीन गप्प!

"एवढा गुणाचा नंबर घरात असताना," सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला कथा कशाला ऐकवलीत?"

सासऱ्यांनी कोटाची बाही दोन बोटांवर चढवून पाहिली. "बसला हो छान."

समारंभाला ते नुसत्या सदऱ्यावर गेले. थंडी मी म्हणत होती. 'दोन शब्द बोलतो' म्हणून उभे राहिले आणि खरोखरच दोन बोलून बसले! टाळ्या काय पडल्या म्हणता!

तेव्हा मायबाप, कधी दोन शब्द बोलायला उभे राहिलात, तर त्या कुडकुडणाऱ्या सासऱ्यांची तेवढी आठवण ठेवा.