माहितीपटावर नाव

अन्याय नुसता होऊन भागत नाही, तो नीट दिसावाही लागतो. आणि दिसायला उजेड चांगला लागतो. आमच्या जत तालुक्यात असा उजेड सकाळी दोन तास आणि दिवस मावळताना थोडा वेळ पडतो. (मधल्या वेळात झालेला अन्याय धरत नाहीत.)

हे ज्ञान आम्हाला ऋषिराज साहेबांकडून मिळालं. ते पुण्याहून आमच्या वस्तीवर माहितीपट करायला आले होते. सामाजिक न्याय आणि कला, दोन्हींची त्यांना तळमळ होती. दोन्हींच्या लेन्स वेगळ्या होत्या.

माहितीपट म्हणजे काय, ते आमच्यातल्याच बिराप्पानं वस्तीला समजावलं. "शाळंत पट असतोय का न्हाई? पटावर नाव आसंल त्यालाच खिचडी. तसाच ह्यो पाण्याचा पट. नाव लागलं की टँकर दारात!"

आमचा टँकर गावातल्या विहिरीत पाणी ओतून परत जातो. वस्ती तिथून दोन मैल. त्यामुळं सगळेच पटावर चढायला निघाले. सगळ्यांत पुढं मनुबाई. तिची सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. दोन मैलांवरून घागर आणणं तिला आता होत नव्हतं. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, केसांना तेल लावून ती कॅमेऱ्यापुढं उभी राहिली.

"आजी, रोजचं लुगडं नाही का?" साहेबांनी विचारलं.

"हाय की. पर पटावर नाव घालाय फाटक्यात यायचं व्हय?"

"फाटकंच हवंय. आणि हसू नका."

"का वं? हासणाऱ्याला तहान लागत न्हाई?"

मनुबाई काही ऐकेना. तेव्हा न्यायाच्या दृष्टीनं तिला वगळण्यात आलं. तिची घागर तेवढी घेतली. घागरीला पोचा चांगला होता आणि ती हसत नव्हती.

मग एक दिवस नवल घडलं. टँकर वस्तीवर आला! साहेबांनीच तो भाड्यानं आणला होता, बायका टँकरमागं धावतात हे दाखवायला. तो काठोकाठ भरलेला होता, कारण रिकामा टँकर खडखडतो आणि साहेबांना खोटेपणा खपत नसे. पाणी मात्र सोडायचं नव्हतं. जमीन ओली झाली असती, तर दुष्काळ वाळेपर्यंत काम थांबलं असतं.

टँकर फिरून फिरून आला. बायका पुन्हा पुन्हा धावल्या. उंबऱ्यात बसलेली मनुबाई ड्रायव्हरला ओरडली, "आरं भाऊसो, थांब की! बादलीभर तरी वत!"

"आवं आज्जी, थांबलो तर सीन बिघडतोय!" असं म्हणून भाऊसोनं गिअर टाकला.

माहितीपट सांगलीत दाखवला, तेव्हा माणसं ढसाढसा रडली. (घागरीचा अभिनय संयत आहे, असं एका जाणकारानं लिहिलं.) एवढं नाव झाल्यावर आम्ही वस्तीवर टँकर मागणारा अर्ज केला. साहेबांनी मोठ्या मनानं माहितीपटही सोबत जोडला. तहसील कार्यालयानं तो शेवटपर्यंत पाहिला. उत्तर आलं: "सदर वस्तीवर भरलेला टँकर वारंवार येत असल्याचे व महिला उत्साहाने त्याचे स्वागत करीत असल्याचे चित्रीकरणात स्पष्ट दिसते. सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे."

घागर काही परत आली नाही. मनुबाई आता प्लास्टिकचा डबा घेऊन गावात जाते. परतताना वाटेत बसते, उठते, पुन्हा बसते.

तुम्ही इथवर वाचलंत, वस्ती आभारी आहे. मधेमधे हसू आलं असेल, शेवटी वाईटही वाटलं असेल. वस्तीचं नाव मी कुठंच लिहिलेलं नाही. तुम्हालाही वाचताना ते लागलं नाही.