तीनदा खाली, दोनदा उजवीकडं

तुमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर डावीकडून दुसऱ्या रांगेत, वरून तिसरं काय आहे? न बघता सांगा.

नाही येत ना? मलाही आलं नव्हतं. मल्लेशममामांनी हा प्रश्न मला आमच्या दारात उभं राहून विचारला, चपला काढायच्याही आधी. मी म्हटलं, "माहीत नाही." आईचं नाव विसरलेल्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"रोज बसतीस ना समोर?"

"बसते."

"मग नक्की कोन बसतंय? तू का खुर्ची?"

मामा आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. सोलापुरातल्या एका चादर कारखान्यात त्यांनी उभी हयात नक्षी काढण्यात घालवली. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या पट्ट्या मागाला सांगणार कुठला धागा वर, कुठला खाली. एक चौकोन चुकला तर मोराला दोन चोची येतात. शेवटची काही वर्षं हेच काम कॉम्प्युटरवर आलं, तेही ते शिकले. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी वेगळाच उद्योग काढला. लोकांच्या घरी जाऊन ते जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टिम घालून देतात. चहा सोडून काही घेत नाहीत.

त्यांची आणि माझी गाठ पडली ती माझ्या रागामुळे. सिस्टिम विकणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की जुन्या सिस्टिमची काळजी आम्ही यापुढे घेणार नाही, आणि नवी सिस्टिम तर आमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसतच नव्हती. म्हणजे धडधाकट चालणारी मशीन पडद्यावरच्या एका ओळीने भंगार झाली. माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. पत्रकाची तीन घड्यांत सफाईदार घडी घालायला मी पाढ्यांच्या आधी शिकले. मग मी काय करणार? पत्रक काढलं. 'चालत्या मशीनला भंगार म्हणणारे तुम्ही कोण?' अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या गेटपासून कुंभारीच्या कामगार वसाहतीपर्यंत वाटलं. खाली लिहिलं होतं, 'लोकांनी लोकांसाठी लिहिलेली मोफत सिस्टिम आम्ही घालून देऊ.' यातले 'आम्ही' म्हणजे एकटे मल्लेशममामा. मला फक्त पत्रक लिहिता येत होतं.

मामा सायकलवर येतात. गळ्यात टॉवेलच्या काठाच्या पट्टीत ओवलेला पेन ड्राइव्ह, कानावर पेन्सिल, दांडीला बांधलेली पुठ्ठ्याची नळी आणि नळीत ग्राफ पेपर. आल्याबरोबर कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. आधी पडद्यावरचा एकेक आयकॉन कागदावर उतरवतात. फोल्डरला पिवळी पेन्सिल, फोटोला निळी, कचऱ्याच्या डब्याला करडी. यात पाऊण तास जातो. नवी सिस्टिम चढली की कागद समोर धरून प्रत्येक आयकॉन आपापल्या जुन्या घरात परत नेऊन बसवतात.

"मागनं धागा कुठला पन बदल," ते म्हणतात, "पुढनं नक्षी हलली नाही पायजे."

पहिल्या दिवशी मी त्यांना समजावत होते. "मामा, ही सिस्टिम कुणाच्या मालकीची नाही. ही एक चळवळ आहे."

"असंल की. पन घड्याळ खाली उजव्या कोपऱ्यात होतं, ते वर कशाला गेलं?"

घड्याळ खाली येईपर्यंत चळवळ थांबली.

नक्षीपुढे ते कुणाची भीड ठेवत नाहीत. आमच्या गल्लीतल्या सुवर्णावहिनींच्या पडद्यावर लग्नाचा फोटो होता, आणि कचऱ्याचा डबा बरोबर सासूबाईंच्या तोंडावर. नवी सिस्टिम आली, फोटो लागला, मामांनी डबा उचलून जागच्या जागी ठेवला. मागे सासूबाई उभ्या.

"हे हितंच होतं का आधीपासून?" त्यांनी विचारलं.

"हितंच," मामा म्हणाले, आणि पुरावा म्हणून ग्राफ दाखवला. "चौथी रांग, दुसरं घर."

वहिनी चहा टाकायला आत गेल्या त्या मामा सायकलवर बसेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

एका वकीलसाहेबांनी नवा रुंद पडदा घेतला होता. सगळे आयकॉन डावीकडे बसले आणि उजवी बाजू मोकळी राहिली. मामांना ते बघवेना. एका बाजूला काठ आणि दुसरी बाजू भुंडी, अशी चादर कोण पांघरणार? त्यांनी डावीकडची अख्खी नक्षी उलटी करून उजवीकडे काढली. प्रत्येक गोष्ट दोनदा. कचऱ्याचे डबेसुद्धा दोन. वकीलसाहेब आधी चिडले, पण आठवड्याने म्हणाले, राहू द्या, बरं पडतं.

सगळं छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट मला खटकायची. मामांच्या स्वतःच्या घरी जुनीच सिस्टिम होती. ट्रान्सपोर्टवाले रफिकभाई त्यांना चारचौघांत चिडवायचे, "मामा, सबके घर का बदल दिये, तुमारे घर का कब बदलते?" त्यावर मामांना हटकून सायकलची हवा तपासायची आठवण व्हायची.

मला ही लबाडी वाटली. आपण ज्या गोष्टीचा प्रचार करतो ती आधी आपल्या घरात नको का? एका रविवारी दुपारी मी हेच सुनवायला त्यांच्या घरी गेले.

दार उघडं होतं. कॉम्प्युटरसमोर राजमणीमामी बसल्या होत्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली हे मला माहीत होतं. उजेड आणि सावली, एवढंच त्यांना कळतं. त्या कॉम्प्युटरसमोर बसतात हे मात्र माहीत नव्हतं. मामींनी आयुष्यभर विड्या वळल्या. त्यांची बोटं कीबोर्डवर फिरली आणि एका बटणावर थांबली. त्या बटणावर विडीच्या दोऱ्याची बारीक गाठ चिकटवलेली होती.

"ओकटी, रेंडू, मूडू," त्यांनी तेलुगूत मोजलं. तीनदा खाली. मग बोट सरकवून, "ओकटी, रेंडू." दोनदा उजवीकडे. मग मोठं बटण.

"अम्मा," कॉम्प्युटरमधून आवाज आला. त्यांची लेक, सुरतेहून.

मी तोंड उघडणार तोच मामांनी मला बाहेर पायरीवर नेलं.

"पंधरा दिवस झाले," ते हळू आवाजात म्हणाले. "पडद्यावर पट्टी येतीय. पुढच्या महिन्यापासून जुन्या सिस्टिमवर कॉल लागनार नाही. तिला कुटं दिसतंय. मी पन सांगितलं नाही."

"मग बदला की, मामा. तुम्ही तर सगळ्यांचं करता."

त्यांनी खिशातून एक ग्राफ काढला. घड्यांवर विरलेला, पिवळा पडलेला. त्यांच्याच पडद्याचा.

"एक घर जरी हललं तर ती भलतीकडंच जाईल. आनि बसंल हाका मारत." मग कागदाची घडी घालत म्हणाले, "चादर काढायच्या आधी नमुना विनतात. लोकांची घरं ती नमुन्याची. हात बसावा म्हनून."

मी सुनवायला आणलेलं सगळं गिळून टाकलं. फक्त म्हटलं, "मामींना सांगून करूया."

"आगू," त्यांनी हात वर केला. "थांब. आधी करू. जमलं तर सांगू."

बुधवारी दुपारी मामी शेजारी गेल्या तेव्हा आम्ही बसलो. ग्राफ तयार असताना मामांनी तो पुन्हा नव्याने काढला. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. सिस्टिम चढली, आयकॉन बसले. मग ते डोळे मिटून खुर्चीत बसले आणि मोजायला लागले. तीनदा खाली, दोनदा उजवीकडे. उघडून बघायचे, पुन्हा मिटायचे. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही.

मामी आल्या, भिंतीला हात लावत खुर्चीशी पोचल्या आणि बसल्या. ओकटी, रेंडू, मूडू. मामा खाटेवर, पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरून.

"अम्मा."

मायलेकी भरपूर बोलल्या. बोलणं संपलं तशा मामी मान न वळवता म्हणाल्या, "नवीन केलं ना?"

"कोन म्हनलं?"

"पंखा येगळा वाजतोय. आधी दमल्यागत वाजायचा." आणि मग, "मला इचारायचं की."

"घाबरशील म्हनून."

"मी? तुमीच घाबरलाय. पंधरा दिवस लेकीशी बोलताना मागं हुबं ऱ्हाताय. श्वास ऐकू येतोय."

मामांनी मुठीतला पेन ड्राइव्ह खिशात सरकवला.

"आनि एवढं करतच होता तर सुरत पहिल्या घरात ठेवायची की. सहा वर्षं झाली, तीनदा खाली, दोनदा उजवीकडं. एवढं लांब ठेवा म्हनून कोन म्हनलं होतं?"

मामांनी ग्राफकडे बघितलं, मग माझ्याकडे. गावभर प्रत्येक आयकॉनचा पत्ता विचारत फिरलेला हा माणूस घरात एकच गोष्ट विचारायची विसरला होता. त्यांनी घाईने खोडरबर काढलं. "आत्ता करतो की. पहिल्या घरात."

मामींनी कीबोर्डवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या आता. लेकीच्या घरी जायला पाच पावलं तर पायजेत."

मामांनी खोडरबर परत खिशात टाकलं आणि चहा ठेवायला आत गेले. साखरेचा डबा त्यांना बराच वेळ सापडत नव्हता. मामींनी बसल्या जागेवरून सांगितलं.

माझ्या पत्रकाच्या तळाशी मी आता एक मागणी वाढवली आहे, तीच तुमच्याकडेही आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा कॉम्प्युटर किंवा फोन नवा करण्याआधी एक चौकोनी कागद घ्या, त्यांच्या शेजारी बसा, आणि काय कुठं आहे ते त्यांच्या तोंडून ऐकून उतरवा. मग कुठं असायला हवं होतं, तेही विचारा. हे या आठवड्यातच करा. ग्राफ पेपर नसेल तर मामांना बोलवा, ते नळी घेऊन येतील. फक्त दारात ते काय विचारणार आहेत ते तुम्हाला आता ठाऊक आहे. उत्तर तयार ठेवा.