चार नंबरची नळी

चार नंबरच्या नळीतल्या औषधाच्या रेणूचं वजन एकशे बासष्ट डाल्टनने जास्त आलं, तेव्हा इराने आधी स्वतःलाच दोष दिला. मकरपुऱ्याच्या या प्रयोगशाळेत तिला सहा महिने होत आले होते. तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते सोमवारी ठरणार होतं.

काम तसं सरळ होतं. सांधेदुखीवर प्रतिपिंडाचं इंजेक्शन घेणाऱ्या पाच जणांनी आपखुशीने रक्त दिलं होतं. ते औषध अंगात गेल्यावर कसं बदलतं, हे रेणूंचं वजन करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर बघायचं. नळ्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. नावांचं पाकीट गुणवत्ता विभागाच्या वसुंधरा मॅडमच्या, म्हणजे विभागप्रमुख हेरंब सरांच्या सौभाग्यवतींच्या, कपाटात बंद.

"मशीन घाण झालंय," हेरंब सर म्हणाले. "साफ कर ने परत!"

इराने दोनदा साफ केलं. एकशे बासष्ट हटेना, उलट शेजारी तीनशे चोवीस उगवले. बाकीच्या चार नळ्या शहाण्यासारख्या वागत होत्या.

"सर, एकशे बासष्ट म्हणजे पाणी सोडून चिकटलेला ग्लुकोजचा एक रेणू, तीनशे चोवीस म्हणजे दोन. औषधाला साखर चिकटलीय. मशीन बराबर आहे, चार नंबरवाल्याचीच साखर वाढलीय."

"शक्यच नाही! त्याचा उपाशीपोटीचा रिपोर्ट चोख आहे."

"आदल्या दिवशी पथ्य पाळलं की तो चोख येतो, सर. हे औषध तीन-तीन आठवडे रक्तात फिरतं. त्याच्यापासून काय लपणार?"

नाव माहीत नसलेल्या माणसाचा रिपोर्ट सरांना तोंडपाठ कसा, हे इराच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिला सोमवार आठवला.

"तू मशीन बिघडलं असं लिही आणि मोकळी हो," सर म्हणाले.

तसं लिहिलं, तर तीन महिन्यांचं काम कचऱ्यात आणि पाठोपाठ ती. इराला रडूच यायला लागलं. तिने डोळे पुसले आणि अनपेक्षित निकालाचा फॉर्म काढला. फॉर्म भरला की पाकीट उघडायचं, असा नियम होता.

"पाकीट कशाला? मॅडमना किती कामं असतात!"

"नियम तुम्हीच केलाय, सर."

वसुंधरा मॅडमनी दोघांसमोर पाकीट फोडलं, चार नंबरपुढचं नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"रोज सकाळी फिरायला कुठे जाता?"

"मांडवीपर्यंत," सर म्हणाले.

"आणि तिथे?"

"फाफडा."

"नुसता?"

मॅडमनी शांतपणे फॉर्म पुढे ओढला. कारण: जलेबी. उपाय: फिरणं घराच्या गच्चीवर. फेरतपासणी: वर्षभर, दर सोमवारी. जबाबदारी: इरा.

"वर्षभर? म्हणजे मॅडम, मी कायम?"

"ते विभागप्रमुख ठरवतील," म्हणत मॅडमनी पेन नवऱ्यापुढे धरलं.

सरांनी मुकाट्याने सही केली.